पाणी आधी कुणाला? जुन्नर-आंबेगावच्या दीडशे वर्षांचा हिशेब

मंडळी, पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचा. विषय आपल्याच पाण्याचा आहे, पण सुरुवात एका नकाशापासून करतो.

परवा मंचरला स्टँडसमोर चहा घेत होतो. ओळखीतला एक मुलगा भेटला. सिंचन विषयात एम.टेक. करतोय. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला आणि जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांचा नकाशा दाखवला. काही भाग हिरवा, काही पिवळा, काही लाल. हिरवं म्हणजे इथे सिंचनाची कामं आधी घ्यावीत, पिवळं म्हणजे नंतर बघू, आणि लाल म्हणजे खर्च करण्यात अर्थ नाही. मी सवयीप्रमाणे आधी आणे पठार शोधलं. लाल. मग लोणी-धामणीचा पट्टा. तोही लाल. सातगाव पठार बरंचसं लाल, कडेला थोडं पिवळं. आहुपे, फुलवडे, आसाणे हा सगळा पश्चिमेचा आदिवासी भाग लालभडक. आणि हिरवं काय? तर नारायणगाव, वारूळवाडी, पिंपळवंडी, मंचर, कळंब, पारगाव. म्हणजे जिथे आधीच ऊस, द्राक्षं आणि टोमॅटो उभे आहेत तो भाग!

मुलगा म्हणाला, "सर, यात माझं काहीच नाही. हे गणिताने काढलंय."

त्या वाक्याने मला ही पोस्ट लिहायला लावली. कारण 'हे गणिताने काढलंय' असं आपल्या भागाला कुणीतरी सांगण्याची ही पहिली वेळ नाही. गेली दीडशे वर्षं दर पिढीत कुणीतरी येतं आणि निकष लावून ठरवतं की पाणी आधी कुठे द्यायचं. निकष बदलतात, ठरवणारे बदलतात. लाल रंग मात्र फिरून फिरून त्याच गावांवर येतो. असं का होतं, ते बघू.

आधी आपला भूगोल. आपल्याला तो पाठ असतो, पण त्याचा अर्थ लक्षात येत नाही. नाणेघाटात, आहुप्याला, भीमाशंकरच्या अंगाला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर आणे पठारावर या, पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक 'औंदा बरं झालं' म्हणतात. एकाच तालुक्यात भातखाचरं आणि बाजरी. पाऊस पश्चिमेला, तहान पूर्वेला, आणि मधल्या खोऱ्यात काळी कसदार जमीन. हे तीन पट्टे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं राजकारण त्यातच आहे.

इंग्रजांच्या काळात आंबेगाव हा स्वतंत्र तालुका नव्हता, खेड तालुक्याचा पेटा होता. शेती पावसावर, बागायत विहिरीवर, मोटेवर, नाहीतर नदीकाठच्या बुडकीवर. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला आणि दख्खनमध्ये कालवे काढायची निकड सरकारला पटली. पण कुठे काढायचे? तेव्हाचं सरकार सिंचनाची कामं दोन खात्यांत टाकायचं. एक, ज्या कामातून घातलेल्या भांडवलावर व्याज सुटेल ते 'उत्पादक' काम. दुसरं, ज्यातून पैसा सुटणार नाही पण दुष्काळात माणसं जगतील ते 'संरक्षक' काम. पहिल्याला पैसा सहज मिळायचा, दुसऱ्याला हात आखडता. खडकवासल्याचं धरण झालं, त्यामागे पुण्याची लष्करी छावणी आणि शहराची गरज होती. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. आपल्या कुकडी-घोडच्या वाट्याला असं मोठं काम आलं नाही. तेव्हाचा निकष एकच होता: पाणीपट्टीतून किती सुटेल.

या कालव्यांवर लगेच एक गंमत दिसून आली. दुष्काळासाठी म्हणून काढलेलं पाणी बाजरी-ज्वारीचा शेतकरी पाऊस बरा असेल त्या वर्षी घेईच ना. घेत होता तो ऊसवाला, आणि तोही कालव्याच्या तोंडाशी असलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या नावाचा तरुण इंजिनिअर नीरा कालव्यावर होता. हो, तेच पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. चांगली जमीन बघून ठरावीक ब्लॉक पाडायचे, ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस, बाकी जमिनीत फेरपालटाची पिकं, आणि पाणी शक्य तितक्या जास्त गावांना. आजच्या भाषेत बोलायचं तर पैशाच्या एका निकषाला त्यांनी आणखी दोन जोडले: जमिनीचा कस आणि पाण्याचा पसारा. आपल्या भागात निकषांचं वजन जाणूनबुजून बदलल्याचं मला माहीत असलेलं हे पहिलं उदाहरण.

1901 ते 1903 मध्ये स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालचा सिंचन आयोग देशभर फिरला. दख्खनच्या दुष्काळी मुलखाला वाचवायचं तर तिथल्या ओढ्यांवर भरवसा नको, सह्याद्रीतलं खात्रीचं पाणी अडवून पूर्वेला न्या, या विचाराला त्यानंतर बळ मिळालं. भंडारदरा त्याच वाटेवरचं. आणि स्वातंत्र्यानंतरचा आपला कुकडी प्रकल्पही त्याच वाटेवरचा.

आता कुकडीकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे.

महाराष्ट्र राज्य झालं आणि स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग बसला, त्याचा अहवाल 1962 चा. कुकडी प्रकल्पाची मंजुरी त्याच दशकातली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि दिंभे, ही पाच धरणं. त्यातली चार जुन्नर तालुक्यात, दिंभे आंबेगावात. आणि लाभ कुणाला? पुण्याचे जुन्नर, आंबेगाव, शिरूर, नगरचे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि सोलापूरचं करमाळा. तीन जिल्हे, सात तालुके, दीड लाख हेक्टरच्या वर लाभक्षेत्र. येडगावहून निघणारा डावा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर पळतो. जुन्नरला धरणांचा तालुका म्हणायचं आणि पाण्यावर भांडणाचाही तालुका म्हणायचं, ते यामुळे.

धरणं कोणत्या क्रमाने झाली ते बघा. सगळ्यात आधी येडगाव, साधारण 1977. मग वडज आणि माणिकडोह, 1983-84 च्या सुमारास. आणि सगळ्यात मोठं दिंभे, तेरा टीएमसीच्या वर साठ्याचं, ते पुरं व्हायला 2000 साल उजाडलं. म्हणजे सगळ्यात खालचं धरण आधी, सगळ्यात मोठं शेवटी. उलटं वाटतं ना? पण डावा कालवा येडगावहून सुटतो. कालव्याचं तोंड आधी बांधलं आणि टाकी नंतर. पूर्वेचे तालुके पाण्याची वाट बघत होते, त्यांना कालवा दिसणं गरजेचं होतं. मी याला चूक म्हणत नाही. पण हाही एक प्राधान्यक्रमच होता, आणि तो इथल्या कुठल्या ग्रामसभेत ठरला नव्हता.

घाईला आणखी एक कारण होतं. आपलं सगळं पाणी घोडमधून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातं. कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांचं भांडण. बच्छावत लवादाने 1973 मध्ये निवाडा दिला, 1976 मध्ये तो अंतिम झाला, आणि महाराष्ट्राला 560 टीएमसी मिळाले. फेरविचार 31 मे 2000 नंतर. मग राज्यात एकच धोशा सुरू झाला: 2000 च्या आत पाणी अडवा, नाहीतर हक्क जाईल. 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, रोखे काढून पैसा उभा केला. निकष काय झाला? 'अडवलेलं पाणी.' किती भिजलं हे नंतर, आधी किती अडलं ते मोजा. त्यामुळे भिंती उभ्या राहिल्या, मुख्य कालवे निघाले, आणि चाऱ्या-पोटचाऱ्या रखडल्या. 2018 मध्ये कुकडीला सुमारे 3,948 कोटींची सुधारित प्रशासकीय मान्यता मिळाली. साठच्या दशकातला प्रकल्प आणि कामं अजून चालूच. तुमच्या शिवारातली पोटचारी कधी झाली हे आठवून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पण कुकडीचा खरा निकष यातला कुठलाच नव्हता. खरा निकष होता समपातळी रेषा. कालव्यातलं पाणी उताराने जातं, चढत नाही. इंजिनिअरने नकाशावर कालव्याची रेघ ओढली की खालचं ते लाभक्षेत्र आणि वरचं ते बाहेर. एवढं सोपं. आणे, नळावणे, शिंदेवाडी, पेमदरा ही पठारावरची गावं रेघेच्या वर. पिंपळगाव जोगेचा कालवा पारनेरकडे जातो, पठाराच्या पायथ्याकडून बघावं लागतं. लोणी, धामणी, खडकवाडी, रानमळा, वडगावपीर, पहाडदरा, शिरदाळे ही आंबेगावच्या पूर्वेची गावंही रेघेच्या वर. तिथे म्हाळसाकांत उपसा सिंचन योजनेची मागणी किती वर्षं चालली आहे, हे धामणीच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. सातगाव पठारावर बटाटा होतो तो पावसाच्या भरवशावर. त्यांचं पाणी खेडच्या कळमोडी धरणातून उचलून द्यायचं, ही मागणीही जुनीच. कळमोडी दर पावसाळ्यात लवकर भरतं, बातमी आम्हीच छापतो. पठारावर ती बातमी वाचून लोक काय म्हणत असतील?

आणि पश्चिमेचे लोक? त्यांच्यासाठी रेघेचाही प्रश्न नव्हता. ते पाण्याखाली होते. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते मूळ आंबेगाव दिंभ्याच्या पोटात गेलं. नाव तालुक्याला उरलं, कारभार घोडेगावला. उन्हाळ्यात पाणी आटलं की बुडालेल्या देवळांचे अवशेष वर येतात आणि आम्ही पत्रकार फोटो काढायला जातो. जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला. नाव उचित आहे, पण त्या नावाखाली ज्यांची खाचरं गेली त्या महादेव कोळ्यांची नावं कुठेच नाहीत.

विस्थापितांना लाभक्षेत्रात जमीन द्यायची, असा कायदा महाराष्ट्राने 1976 मध्ये देशात सगळ्यांच्या आधी केला. कायदा चांगला. पण डोंगरातला कोळी समाज खाली काळ्या रानात, अनोळखी गावात जाऊन ऊस लावेल, हे कागदावरच सोपं. बरेच जण वरच सरकले, जलाशयाच्या काठावर. तिथे आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने त्यांच्याबरोबर काम केलं. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर, जलाशयात स्वतःच्या सहकारी संस्थेची मासेमारी, आणि डोंगरउतारावर पडकई, म्हणजे बांध घालून भातखाचरं तयार करायची जुनी पद्धत, तीही रोजगार हमीच्या पैशातून. 2012 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या कुठल्याच गोष्टीला सिंचनाच्या हिशेबात 'लाभक्षेत्र' म्हणत नाहीत. दिंभ्याच्या काठावर वरच्या वाड्यांना एप्रिल-मे मध्ये टँकर लागतो. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे नुसती म्हण नाही.

एक गोष्ट ओघात सांगतो. कालवे आले, बागायत वाढली, साखर कारखाने आले, ऊस वाढला. 2001 नंतर जुन्नर वनविभागात बिबट्यांचे हल्ले बातम्यांत येऊ लागले, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आलं. बिबट्याने बारमाही ऊस बघितला आणि तिथेच बाळंतपण करायचं ठरवलं. पाण्याचा प्राधान्यक्रम ठरवताना बिबट्या हा निकष कुणी धरला होता? असो, मूळ मुद्द्यावर येतो.

दांडेकर समितीचं नाव ऐकलं असेल. 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती बसली. 1984 च्या अहवालात तिने राज्याचा अनुशेष 3,186 कोटींचा काढला, त्यात सगळ्यात मोठा वाटा सिंचनाचा. पद्धत सरळ होती: राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याचा तेवढा अनुशेष. विदर्भ-मराठवाड्याच्या न्यायासाठी ते गरजेचंच होतं, त्यावर माझा आक्षेप नाही. पण मोजमापाचं एकक जिल्हा होतं. पुणे जिल्ह्याची सरासरी काढली की त्यात बारामतीचा कालवा आणि आण्याचा माळ एकाच भांड्यात पडतो. पुणे जिल्हा पुढारलेला, त्याला अनुशेष कसला? पेमदऱ्याचा हंडा त्या सरासरीत दिसत नाही. एकक मोठं घेतलं की लहान गरिबी झाकली जाते. ही गोष्ट मला डिप्लोमात कुणी शिकवली नाही, आण्याला बातमीसाठी चकरा मारून शिकलो.

आणि शेवटचा टप्पा, जो आपण दरवर्षी बघतो: कालवा सल्लागार समिती. मंत्री, आमदार, अधिकारी बसतात आणि आवर्तन ठरवतात. कुठल्या धरणातून किती, कधीपासून, टेलकडून हेडकडे की हेडकडून टेलकडे. हेही बहुनिकषी निर्णयच आहेत. फक्त निकष लिहिलेले नसतात. 2021 च्या मे महिन्यात पिंपळगाव जोगेच्या मृतसाठ्यातून पाणी सोडायचं ठरलं आणि प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं, आवर्तन अडलं. जोगेची अडचण अशी की तिथे निम्म्याच्या आसपास पाणी मृतसाठ्यातच अडकतं, कालव्याच्या तोंडाच्या खाली. दिंभे-माणिकडोह बोगद्याचं भांडण तर तुम्हाला पाठच आहे. माणिकडोह पुरतं भरत नाही, दिंभे भरतं. दिंभ्याचा डावा कालवा पाणी येडगावला नेताना वाटेत गळतो, शिवाय त्याची वहनक्षमता मर्यादित. मग सरळ बोगदा पाडा, असं नगरवाल्यांचं म्हणणं. बोगदा खालच्या पातळीला पाडला तर दिंभे रिकामं होईल, असं आंबेगावचं म्हणणं. हा मुद्दा इतका पेटला की राष्ट्रवादीच्या 2023 च्या फुटीनंतर दिलीप वळसे पाटलांनी आपल्या निर्णयामागे दिंभ्याचं पाणी हे एक कारण जाहीरपणे सांगितलं. बोगद्याची पातळी किती मीटर, यावर एका पक्षातलं भांडण! समपातळी रेषा ही काय चीज आहे, ते यावरून समजा.

आता त्या मुलाच्या गणिताकडे परत.

त्याने वापरलेल्या पद्धतीला एएचपी म्हणतात. ती काढली थॉमस साटी यांनी, 1970 च्या दशकात. मूळचे इराकमधल्या मोसुलचे, अमेरिकेत गणितज्ञ. आधी ते अमेरिकी सरकारच्या शस्त्रनियंत्रण विभागात कामाला होते. पद्धत समजायला अवघड नाही, बाजारात आपण रोज करतो तेच. सगळे निकष एकदम तोलायचे नाहीत. दोन-दोन घ्यायचे आणि विचारायचं: यात महत्त्वाचा कोणता, आणि किती पट? समान असेल तर 1, फारच जास्त असेल तर 9. माती ही उताराच्या 3 पट महत्त्वाची, उतार हा टंचाईच्या 2 पट, मग माती टंचाईच्या 6 पट यायला हवी. माणूस गोंधळून तिथे 2 म्हणाला तर गणित त्याला पकडतं. विसंगतीचं प्रमाण 0.10 च्या वर गेलं की पुन्हा विचार करा म्हणतं. त्यातून प्रत्येक निकषाचा भारांक, म्हणजे वजन, निघतो. मग गावागावाचे गुण त्या वजनाने गुणायचे, बेरीज करायची, नकाशा रंगवायचा.

पद्धत प्रामाणिक आहे. ती फक्त एवढंच तपासते की तुम्ही स्वतःशी सुसंगत आहात का. तुम्ही न्यायी आहात का, हे ती तपासत नाही.

मी त्या मुलाला म्हणालो, आपण तीन निकष आणि तीन ठिकाणं घेऊन बघू. आकडे माझे अंदाजाचे, समजण्यापुरते. माती, पाणी उचलायची सोय आणि टंचाई हे निकष, दहापैकी गुण. कालव्याकाठचं गाव: माती 9, सोय 9, टंचाई 2. आणे पठार: 5, 2, 9. पश्चिमेची वाडी: 3, 4, 7. आता भारांक द्या. माती 50 टक्के, सोय 30, टंचाई 20. बेरीज येते कालव्याकाठ 7.6, आणे 4.9, वाडी 4.1. झालं, आणे लाल. आता नुसते भारांक फिरवा. टंचाई 60, माती 20, सोय 20. आणे 6.8, वाडी 5.6, कालव्याकाठ 4.8. गावं तीच, माती तीच, पाऊस तोच. क्रम पार बदलला. मधे बदललं काय, तर एका माणसाचं मत.

दुसरी गोष्ट त्याच्या यादीत दिसली. त्याने आठ निकष घेतले होते. त्यात उतार होता, कालव्यापासूनचं अंतर होतं, नदीपासूनचं अंतर होतं, समुद्रसपाटीपासूनची उंची होती. मी म्हणालो, बाळा, या चार निकषांचा बाप एकच आहे. पठारावरचं गाव उंच आहे म्हणून कालव्यापासून लांब, म्हणून नदीपासून लांब, म्हणून उतारावर. एकाच गोष्टीसाठी तू त्याला चारदा शिक्षा दिलीस. साठच्या दशकातली ती रेघ तुझ्या नकाशात चार नावांनी परत आली. आणि टंचाईसाठी एकच रकाना, पर्जन्यमान, तोही तालुक्याच्या एकाच केंद्राचा. आण्याचा आणि आहुप्याचा पाऊस तू जवळजवळ सारखाच धरलास.

मुलगा हुशार आहे, रागावला नाही. भारांक कुठून घेतले, विचारलं. म्हणाला, पाच तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली होती. पाचही जण पुण्यात बसणारे. बटाट्याचा शेतकरी त्यात नाही, गाळपेर करणारी बाई नाही, टँकरच्या रांगेत उभं राहणारं कुणी नाही.

काही मित्र म्हणतील, उंचावर पाणी चढवायला वीज लागते, खर्च येतो, उपसा योजना वीजबिलात बुडतात, मग लाल रंग बरोबरच आहे. हा आक्षेप खरा आहे, मी तो टाळणार नाही. बिल थकलं म्हणून पंप बंद पडलेल्या योजना राज्यात आपण बघितल्या आहेत. म्हणून खर्च हा निकष हवाच, आणि चांगला जड हवा. पण मग दुसरीकडचा खर्चही धरा. अडीचशे किलोमीटरच्या कालव्यात जे पाणी मुरतं आणि बाष्प होऊन उडतं, त्याची किंमत कुठल्या रकान्यात आहे? टँकरवर दरवर्षी जाणारा पैसा? आणि पठाराला उसाचं पाणी कोण मागतंय? तिथे बाजरीला आणि कांद्याला एक-दोन पाणी मिळालं तरी वर्ष तरतं. एका एकर उसाच्या पाण्यात अशी किती एकर भिजतील, हा हिशेब आठमाही सिंचनाच्या धोरणात होता. ऐंशीच्या दशकात शासनाने तो मान्यही केला. बारमाही पाणी कुणालाच नाही, खरीप-रब्बीला जास्त लोकांना. कागदावर तो आजही आहे. शिवारात ऊस आहे.

2005 च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, आणि त्या कायद्यात खोऱ्यातल्या टंचाईचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचं तत्त्वही आलं. गोदावरीत जायकवाडीसाठी त्यावरून काय रणकंदन झालं ते आपण पाहिलं. कुकडीत तेच तत्त्व लावायचं म्हटलं तर करमाळ्याचा शेतकरी टेलला आहे म्हणून त्याचा हक्क मोठा, हे मी मान्य करतो. पण टेल फक्त कालव्याच्या लांबीनेच मोजायचं का? उंचीचंही एक टेल असतं. पेमदरा त्या टेलला आहे, येडगावच्या भिंतीपासून काही कोसांवर असूनही.

त्या दिवशी चहा थंड झाला. मुलाने तिथेच बसून कालव्याचं अंतर आणि उंची हे दोन रकाने काढून टाकले, टंचाईत टँकरच्या फेऱ्या आणि उन्हाळ्यातली विहिरींची पातळी घालायची म्हणाला. आकडे मिळाले नव्हते म्हणून तात्पुरते अंदाजाचे टाकले. बटण दाबलं. आणे पठार पिवळं झालं, थोडं हिरवंही. लोणी-धामणीही पिवळं. पश्चिम मात्र लालच राहिली.

"सर, तिथे जमीनच कमी आहे. गुण येणार कुठून?" तो म्हणाला.

मी म्हणालो, पडकईचं क्षेत्र कुठे धरलंय? आणि गाळपेरीचं?

त्याने यादी बघितली. तसा रकानाच नव्हता. सातबाऱ्यावर नाही म्हणून उपग्रहाच्या वर्गवारीत ते 'पडीक' आणि 'जलाशय' असं आलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं फुलवड्याच्या बाजूला जाणार आहोत. पडकईची खाचरं मोजायला तिथली दोन-तीन पोरं बरोबर येतो म्हणालीत. पठारावरचं कुणी ही पोस्ट वाचत असेल तर तुमच्या गावात गेल्या पाच वर्षांत टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, ग्रामपंचायतीच्या दप्तरातून काढून इनबॉक्सला पाठवा. नवा नकाशा झाला की रंगांबरोबर भारांकांचा तक्ताही इथेच टाकतो.